मेणातून ब्रॉन्झचं समुद्री कासव

गोळाफेक सुटली, वजनाचा नाद काही सुटला नाही. आता मी ब्रॉन्झचे मासे, कासवं ओतते. आधी मेणात घडवायचं, त्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. पवनीकडच्या धानाच्या मुलखात बसून समुद्र कशाला, असं विचारणारे भेटतातच, विचारू द्या. नवख्यानं तळहाताएवढं ऑलिव्ह रिडले कासव घ्यावं. ऑक्टोपसच्या नादी लागू नका, त्याच्या आठ बारीक भुजांत धातू टोकापर्यंत पोचायच्या आत गोठतो.

वैनगंगेतलं कासव विसरा. समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढता येत नाहीत. पुढचे पाय लांब वल्ह्यांसारखे असतात आणि पोहताना दोन्ही एकदम मारतं. मागचे फक्त दिशा सांभाळतात. म्हणजे सगळं बळ खांद्यात. तिथं मेण भरा, मागं हात आखडता घ्या. रिडलेची पाठ जवळजवळ गोल, मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना सहसा सहा किंवा जास्त खवले. चारच कोरलेत तर ती हिरवं कासव ही वेगळी जात झाली.

मधमाशीच्या मेणात थोडी राळ घाला. हे काम हिवाळ्यातलं. आपल्या मे महिन्यात मेण हातातच लोळतं. पोटाकडून कोरून कवच सगळीकडं पाचेक मिलिमीटर ठेवा, जाड राहिलं की थंड होताना खड्डा पडतो. पोटाला मेणाची जाड ओतनळी आणि वल्ह्यांच्या टोकांना हवा निघायला बारीक काड्या लावून सगळं तोला. मेणाच्या नऊपट ब्रॉन्झ लागतं: १५० ग्रॅमला १३५० ग्रॅम, वर थोडं जास्तीचं.

वारुळाची माती आणि शेण कपड्यातून गाळून पहिला हात ब्रशनं द्या. सावलीतच वाळवा. वरच्या थरांत धानाचा कोंडा मिसळा. तो जळाला की मातीला छिद्रं पडतात, वायू निघतो. तारेनं आवळा. तोंड खाली करून मेण गाळा, मग साचा लाल होईस्तोवर भाजा. ओल राहिली तर वाफेनं धातू अंगावर उडतो. इथं घाई करणाऱ्याला मी भट्टीजवळ उभं करत नाही.

मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, दर किलोमागे आधी ९०० ग्रॅम तांबं, शेवटी १०० ग्रॅम कथील. आधी टाकलं तर जळून वाया जातं. भंडाऱ्याकडं पितळेची मोड सहज मिळते, पण ती नको. त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पांढऱ्या धुरानं ताप भरतो. सुती कपडे, चामडी बूट, खाली कोरडी रेती. सिमेंटवर सांडलं तर तडतडून फुटतं.

साचा गरम असतानाच, साधारण ११०० अंशांना ओता. माझा ४ किलोचा गोळा मानेशी असायचा. सांडशीतली मूस अंगापासून लांब असते, म्हणून हलकी असूनही मनगट ओढते. पाय फाकवून गुडघे सैल ठेवा आणि धार तोडू नका. तुटली की कवचावर शिवण दिसते.

माती फोडा, नळ्या कापा, कानशीनं घासा. हिरवट निळा रंग हवा तर मिठाचं पाणी शिंपडून बंद डब्यात अमोनियाच्या वाटीशेजारी रात्रभर ठेवा. डबा अंगणातच उघडायचा, तोंड बाजूला करून.