नाशिकहून महासंगणक वापरताना: अर्जापासून निकाल परत आणेपर्यंत

२०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून देशभरातील शिक्षणसंस्थांत ‘परम’ मालिकेची यंत्रे उभी राहिली; पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्मा’ हे त्यांपैकीच एक. ती वापरण्यासाठी नाशिक सोडावे लागत नाही, कारण सगळे काम इंटरनेटवरून चालते. मात्र खाते मिळण्यासाठी मार्गदर्शकांची संमती आणि संस्थेची शिफारस लागते, तसेच प्रत्येक केंद्राचा अर्ज व शुल्क वेगळे असते, त्यामुळे त्या केंद्राची नियमावली आधी वाचावी.

अर्जातला कळीचा रकाना असतो तो किती कोअर-तास लागतील याचा. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणना करणारा भाग; एक कोअर एक तास वापरला की एक कोअर-तास. ४० कोअर ६ तास वापरले की २४० कोअर-तास खर्च होतात. तीच गणना २० वेळा करायची असेल तर ४,८०० मागावे लागतात. हा आकडा अंदाजाने लिहू नये. विभागातल्या संगणकावर विदेचा (डेटाचा) छोटासा तुकडा चालवून किती वेळ आणि किती मेमरी लागली ते नोंदवावे आणि त्यावरून हिशेब मांडावा. नाशिकच्याच दोन पिकांचे उदाहरण घेऊ. द्राक्षाचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए-क्रम, सुमारे ५० कोटी बेस जोड्यांचा आहे, तर कांद्याचा सुमारे १,६०० कोटींचा, म्हणजे माणसाच्या जीनोमच्या जवळजवळ पाचपट. द्राक्षाच्या जीनोमची जुळणी, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून पूर्ण क्रम बांधणे, पुरेशी मेमरी असलेल्या चांगल्या वर्कस्टेशनवरही होऊ शकते. कांद्यासाठी मात्र कोअरच्या संख्येपेक्षा मोठ्या मेमरीचा नोड (महासंगणकातला एक स्वतंत्र संगणक) मिळणे महत्त्वाचे ठरते, आणि अर्जात तसे स्पष्ट लिहायला हवे.

खाते सुरू झाल्यावर आपण ज्या यंत्रावर प्रवेश करतो तो लॉगिन नोड सर्वांचा सामाईक असतो. तिथे फाइली लावाव्यात, स्क्रिप्ट लिहावी, पण गणना चालवू नये. गणना रांगेत लावायची ती जॉब म्हणून, म्हणजे यंत्राला दिलेले एक काम म्हणून, आणि अनेक केंद्रांत ही रांग स्लर्म ही प्रणाली सांभाळते. स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींत कोअर, मेमरी आणि वेळ मागायचा असतो. मागितलेली वेळ संपली की जॉब अर्धवट असला तरी बंद केला जातो. या भीतीने पुष्कळ जण सरसकट कमाल वेळ मागतात, आणि तिथेच त्यांचा नंबर मागे पडतो. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होण्याची वाट पाहिली जात असताना मधल्या फटीत बसेल असा लहान जॉब स्लर्म आधी सोडू शकतो. चाचणीत साडेचार तास लागले असतील तर सहा तास मागावेत, चोवीस नव्हेत. लांबलचक गणना मधल्या टप्प्यांवर जतन होत राहील अशी रचना करावी, म्हणजे पुढचा जॉब तिथूनच सुरू होतो.

जास्त कोअर घेतले म्हणजे काम तितक्याच पटीने लवकर होईल, असे नाही. एमपीआय (अनेक नोडवर काम वाटून त्यांच्यात संदेश देण्याची पद्धत) न वापरणारा प्रोग्रॅम सहसा एकाच नोडपुरता धावतो. त्याला चार नोड दिले तर तीन रिकामे बसतात आणि कोअर-तास मात्र चारही नोडचे कापले जातात. म्हणून १०, २० आणि ४० कोअरवर तेच काम चालवून वेळ किती घटतो ते पाहावे. माझ्या मते हे तीन आकडे अर्जाला जोडणारा संशोधक परीक्षकांचा विश्वास लगेच मिळवतो.

विदेची ने-आण हे आपल्याकडचे खरे दुखणे आहे. महाविद्यालयाची लाइन ५० मेगाबिट प्रतिसेकंदाची असेल तर एक टेराबाइट पाठवायला, वेग सलग टिकला तरी, सुमारे ४४ तास जातात, आणि मध्ये वीज गेली तर साधी कॉपी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. त्यामुळे आरसिंक ही फाइली पाठवण्याची आज्ञावली वापरावी. तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे नेण्याचा पर्याय त्यात चालू करता येतो. हजारो बारीक फाइलींची आधी एक टार फाइल (सगळ्यांचे एकच गाठोडे) करावी, आणि पोहोचल्यावर दोन्हीकडचा चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळतो का ते तपासावे. वैद्यकीय संशोधकांनी रुग्णाचे नाव, फोन किंवा नोंदणी क्रमांक असलेली विदा नाशिकमध्येच ओळखमुक्त करावी आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी हाती आल्यावरच पाठवावी.

महासंगणकावरची स्क्रॅच ही तात्पुरत्या साठवणीची जागा वेगवान असते, पण तिचा बॅकअप सहसा नसतो आणि ठरावीक मुदतीनंतर तिथल्या जुन्या फाइली पुसल्या जातात. म्हणून जॉब संपताच निकाल, स्क्रिप्ट आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची नोंद विभागाच्या साठवणीत उतरवून घ्यावी. शोधनिबंधात केंद्राचा ऋणनिर्देश नियमावलीत दिलेल्या शब्दांतच करावा आणि छापील निबंधाची प्रत केंद्राला पाठवावी. पुढच्या वर्षी कोअर-तास वाढवून मागताना तीच कामी येते.