झाडीपट्टीच्या मंचावर अंतराळ आरमाराचा सरखेल उभा करताना

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या वडसा, आरमोरी, नागभीड, सिंदेवाहीच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकांचा हंगाम लागतो. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. एखाद्या मंडळानं अंतराळयुद्धाचं नाटक घ्यायचं ठरवलं की सगळा पैसा दिव्यांवर आणि चांदीच्या कागदावर जातो. मग पडदा उघडतो आणि साम्राज्याच्या आरमाराचा सेनापती लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतो. खर्च थोडा कमी करा आणि एक गोष्ट पक्की धरा: या माणसापर्यंत पोचणारी प्रत्येक बातमी शिळी असते, आणि त्याचा प्रत्येक हुकूम पोचेपर्यंत शिळा होतो. कपडा, उभं राहणं, आवाज, गाण्याची जागा हे सगळं त्यावरूनच ठरतं.

आधी हुद्दा. 'ॲडमिरल' हा शब्द मागच्या रांगेत बसलेल्या आजीपर्यंत पोचत नाही. आपल्याकडे शब्द तयार आहेत. कान्होजी आंग्रे आरमाराचे 'सरखेल' होते. नागपूरकर भोसल्यांना सातारच्या छत्रपतींकडून 'सेनासाहेब सुभा' हा किताब होता. पाण्यावरच्या आरमाराचा 'सरखेल' आकाशातल्या आरमाराला चपखल बसतो. राजधानीतून येणाऱ्या हुकमाला 'खलिता' म्हणा. पुढं आम्हीही सरखेलच म्हणतो.

अंतराचा हिशोब नाटक लिहितानाच

प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, आणि कोणताही संदेश त्याहून वेगानं जात नाही. चंद्राला सव्वा सेकंद लागतो, सूर्यापासून पृथ्वीला ८ मिनिटं २० सेकंद. मंगळ जवळ असेल तर ३ मिनिटं, लांब असेल तर २२. आरमार गुरूजवळ, पृथ्वीपासून ७५ कोटी किलोमीटरवर आहे असं धरा. बादशहानं रात्री ९ वाजता खलिता धाडला तर तो ९ वाजून ४१ मिनिटं ४० सेकंदांनी पोचेल. सरखेलानं तिथल्या तिथं उत्तर दिलं तरी बादशहाला ते १० वाजून २३ मिनिटं २० सेकंदांनी मिळेल. नाटकाच्या वहीत डाव्या बाजूला दोन रकाने आखा: 'पाठवलं' आणि 'पोचलं'. प्रत्येक निरोपापुढं दोन्ही वेळा लिहा. जिथं दुसरा रकाना रिकामा राहिला तिथं बादशहा आणि सरखेल फोनवर बोलल्यासारखे बोलत असतात. असा प्रवेश काढून टाका किंवा नव्यानं लिहा.

नटांच्या अंगात हे वहीवरून उतरत नाही, त्यासाठी गावातच नकाशा मांडा. सूर्य देवळाजवळ, पृथ्वी तिथून १ किलोमीटरवर. या मापात मंगळ दीड किलोमीटरवर येतो, गुरू ५.२ वर, शनी साडेनऊवर, आणि प्रकाशाचा वेग होतो सेकंदाला २ मीटर, म्हणजे पोराच्या संथ धावेइतका. आता तलावाच्या पाळीवर ३०० मीटर मोजा. एका टोकाला सरखेल, दुसऱ्या टोकाला शत्रूचं यान होणारा नट. खऱ्या आकाशात हे अंतर साडेचार कोटी किलोमीटर. एका पोराच्या हातात चिठ्ठी द्या आणि त्याच संथ धावेनं पाठवा. पोचायला अडीच मिनिटं, परतायला अडीच. सरखेलानं तोवर जागेवरून हलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नट चिठ्ठी पाठवण्याआधी विचार करायला लागतो. हवा होता तो चेहरा हाच. पोरगं जोरात पळालं तर तालीम वाया जाते, म्हणून त्याला पावलं मोजायला लावा.

आणखी एक हिशोब. शत्रूचं यान सेकंदाला १० किलोमीटर जात असेल तर अडीच मिनिटांत ते १५०० किलोमीटर पुढं गेलेलं असतं. सरखेलाला दिसतं ते त्याचं जुनं ठिकाण. म्हणून 'तिथं मारा' असा हुकूम शहाणा सरखेल देत नाही. तो 'जर-तर' बोलतो: "डावीकडं वळले तर तिसऱ्या तुकडीनं पुढं व्हावं, सरळ आले तर कोणी हलू नये." काय साधायचं ते तो सांगतो. कसं साधायचं ते समोरच्या तुकडीच्या नायकावर सोडावं लागतं, कारण विचारायला वेळच नसतो. साम्राज्याचा सरखेल नेमका इथंच अडकतो. वरून आलेला खलिता हात बांधतो, आणि खालचे लोक धाकापायी वाईट बातमी दाबून ठेवतात. अंतरानं झालेल्या उशिरात भीतीचा उशीर मिसळतो. बुडालेल्या यानांचा आकडा खालच्या शिपायाकडं ९ असू द्या, नायकाकडं ६, सरखेलापर्यंत ४. प्रेक्षकांनी तिन्ही आकडे ऐकले पाहिजेत, सरखेलानं फक्त शेवटचा.

एवढ्यात प्रवेश उभा राहतो:

सरखेल: बातमी कधीची?
नायक: अडीच मिनिटांपूर्वीची, सरकार.
सरखेल: म्हणजे ते आता तिथं नाहीत.
खलाशी: मंग आपन पाहून का रायलो जी?
सरखेल: शिळं आकाश.

खलाशी झाडीबोलीतच बोलू द्या. विनोदी पात्राची ती जागा आपल्या रंगभूमीवर जुनी आहे, आणि अवघड हिशोब प्रेक्षकांपर्यंत तोच नेतो. सरखेलानं मात्र त्याच्यावर हसायचं नाही आणि चिडायचंही नाही. त्यानं उत्तर द्यायचं.

मधल्या पाच मिनिटांचं काय करायचं? तिथं गाणं घाला. आपल्या नाटकात गाणं लागतंच, आणि बऱ्याचदा ते कुठूनही उगवतं. इथं त्याला कारण मिळतं: हुकूम सुटला, उत्तर यायचं आहे, तोवर खलाशांच्या कोठडीत गाणं. सरखेल मागच्या उंच पायरीवर पाठमोरा उभा राहील. गाणं संपताच उत्तर आलं की टाळी पडत नाही, शांतता होते. ती मोडू नका.

कोट आणि खांदे

बंद गळ्याचा लांब कोट, गुडघ्याच्या वर चार बोटं. साडेपाच फुटांच्या नटाला ५८ इंच पन्ह्याचं पावणेतीन ते तीन मीटर कापड लागतं. काळपट राखाडी रंग घ्या. काळा कोट मागच्या काळ्या पडद्यात बुडतो आणि नुसतं डोकं तरंगताना दिसतं. जुना टेरिकॉटचा कोट घरी रंगवायच्या भानगडीत पडू नका, त्यावर सुती कापडाचा रंग नीट धरत नाही. बँड पथकाचा कोट मिळाला तर चालेल, पण झालर, गोंडे आणि सोनेरी पट्टे उसवा. बिल्ला एकच, डाव्या बाजूला. ज्याच्या हाताखाली हजार यानं आहेत त्याला छातीभर बिल्ले लावून मोठेपण सांगावं लागत नाही.

खांद्याच्या पट्ट्यांना लहान मुलांची जोडायची फोमची चटई घ्या, १० मिलिमीटर जाड. आधी कागदाचा साचा नटाच्या खांद्यावर ठेवून बघा. हात वर केल्यावर पट्टी कानाला लागत असेल तर दोन बोटं कमी करा. फोम नव्या ब्लेडनं एकाच ओढीत कापा, बोथट ब्लेडनं कड फाटते. वाक द्यायला हीटगन नसेल तर गॅसच्या आचेपासून एक वीत वर धरून फिरवत राहा, पृष्ठभाग चमकला की लगेच गुडघ्यावर दाबून तीस सेकंद धरा. हे काम अंगणात करा, घरात धूर डोक्यात जातो.

चिकटवायला चपला जोडायचं सोल्युशन. दोन्ही बाजूंना पातळ हात मारा आणि थांबा. बोट लावल्यावर चिकटत नाही इतकं सुकलं की मगच जोडा. उन्हात दहा-बारा मिनिटं लागतात, पौषाच्या थंडीत वीस. ओलं असताना जोडलेली पट्टी तिसऱ्या अंकात लोंबते, हमखास. आणि हे सोल्युशन थर्माकोलला लावू नका, तो विरघळतो. स्प्रे पेंटही थर्माकोल खातो. फोमवर रंग देण्याआधी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. त्यावर ॲक्रिलिक रंग. कोऱ्या फोमवर ऑइल पेंट दिला तर तो चिकचिकत राहतो आणि कोटाला डाग पाडतो.

पायात गमबूट बरे दिसतात, पण फळ्यांवर त्यांचा आवाज होत नाही. सरखेल येताना आधी ऐकू यायला हवा. चामडी बुटाच्या टाचेला चांभाराकडून नाल ठोकून घ्या. गमबूट खलाशांना द्या, तेही नवे किंवा चिखलात वापरलेले. फवारणीतले बूट, मास्क, हातमोजे, औषधाचे रिकामे डबे यांतलं काहीही पोशाखात किंवा शिरस्त्राणात घेऊ नका. धुतल्यानं विष जातंच असं नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तीच वस्तू पोराच्या तोंडावर बांधायची नाही.

हुकमाचं टेबल

फवारणीच्या पंपातून वापरण्यासारखी एकच गोष्ट आहे, बॅटरी, आणि तीही हातमोजे घालून बाहेर काढून, ओल्या फडक्यानं पुसून. बॅटरीवरच्या पंपात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. एलईडी पट्टीचं पाच मीटरचं एक रीळ, मीटरला ६० दिव्यांचं साधं, सुमारे २४ वॅट खातं, म्हणजे २ अँपिअर. हिशोबानं चार तास, प्रत्यक्षात तीन. आपलं नाटक रात्रभर चालतं, म्हणून दोन बॅटऱ्या ठेवा आणि मध्यंतरात बदला. दिवे मंद झाले तरी रेटत राहिलात तर बॅटरी कायमची बसते. लाल तारेवर ३ अँपिअरचा फ्यूज घाला. पट्टी कात्रीच्या खुणेवरच कापा, अशा पट्टीत ती दर तीन दिव्यांनी, म्हणजे ५ सेंटिमीटरवर असते. मध्येच कापली तर त्या तुकड्यातले दिवे मरतात. पट्टी पेटलीच नाही तर आधी तारा उलट करून बघा.

टेबल चार फूट बाय अडीच फूट. बांबूच्या कामट्यांची चौकट, वर बटर पेपर ताणून, खाली चार बोटं सोडून दिवे. मागची बाजू वीतभर उंच ठेवा, नाहीतर पुढच्या रांगेला फक्त चौकटीची कड दिसते. यानं म्हणून चिंचोके, साम्राज्याचे लाल रंगवलेले आणि बंडखोरांचे तसेच तपकिरी. खालून उजेड आला की प्रत्येक चिंचोक्याची काळी कडा उठून दिसते. सरखेल बोलता बोलता एक लाल चिंचोका दोन बोटांनी उचलतो आणि खिशात टाकतो. एक यान गेलं. संवाद लागत नाही.

दिवे मात्र चेहऱ्यावर थेट खालून येऊ देऊ नका, सरखेलाचं भूत होतं. मंचाच्या एका बाजूनं, डोळ्यांच्या उंचीवर एक पिवळा दिवा त्याच्यासाठी राखून ठेवा.

आवाज

पोकळीत आवाज जात नाही. दूरचं यान फुटलं की पांढरा दिवा एक सेकंद, आणि त्याच क्षणी ऑर्गन, तबला सगळं बंद. स्वतःच्या यानाला मार बसला तर आवाज लाकडातून यायला हवा: मंचाखाली एक माणूस बसवा आणि फळीला खालून मुसळानं ठोसा द्यायला सांगा. बसलेल्या नटांच्या अंगातून तो ठोसा जातो आणि ते आपोआप दचकतात. फटाके, शोभेची दारू अजिबात नको. फोम आणि टेरिकॉट दोन्ही वितळून अंगाला चिकटतात.

सरखेलानं हळू बोलावं, पण टांगलेल्या माइकच्या खालीच. त्या जागेवर फळीला खडूची खूण करा. खुणेपासून तीन पावलं सरकला तर तेच हळू बोलणं पुटपुटणं वाटतं. हात मागं बांधलेले, बोट दाखवणं नाही. प्रॉम्प्टरकडं बघायची सवय असलेल्या नटाला ही भूमिका देऊ नका. इथं विसरल्यावर गप्प राहिलं तरी शोभतं, डोळे खाली गेले की मात्र सगळं जातं.

एक हुकूम हमखास चुकीचा लिहिला जातो: "यान थांबवा!" अंतराळात ब्रेक नाही. सेकंदाला १० किलोमीटरनं चाललेलं यान थांबवायचं तर ते उलटं फिरवून इंजिन पुढच्या दिशेला पेटवावं लागतं. माणसाला पृथ्वीवर जाणवतं तेवढंच वजन जाणवेल इतक्या जोरानं पेटवलं तरी १७ मिनिटं लागतात, आणि तोवर यान ५१०० किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून हुकूम असा: "शेपूट पुढं करा. इंजिन पेटवा. सतरा मिनिटं." शेवटचे दोन शब्द नटानं गिळू नयेत.

खेळ संपल्यावर

पहाटेच्या दवात फोमचा रंग मऊ पडतो. ट्रॉलीत सामान भरताना खांद्याच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर चिकटतात आणि सोडवताना रंग उपटतो. मध्ये वर्तमानपत्र घाला, पट्ट्या दुमडू नका, कोट काठीला अडकवून न्या. बॅटरीच्या दोन्ही तारा काढून टोकांना चिकटपट्टी लावा आणि त्याच दिवशी चार्जिंगला लावा, पंपाच्या मालकाला ती फवारणीला भरलेली परत द्यायची असते. बटर पेपर फाडून टाका, पुढच्या गावी नवा ताणा. चिंचोके मोजून डब्यात भरा, सरखेलाच्या खिशातले धरून.