अत्यवस्थ मुले, लॅक्टेट आणि माझा प्रबंध

बालरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात ‘अत्यवस्थ मुलांच्या रक्तातील लॅक्टेट आणि मृत्यूची शक्यता’ अशा स्वरूपाचा प्रबंध घेणाऱ्या नवोदितांसाठी, खानदेशातील एका रुग्णालयात काढलेल्या तीन वर्षांच्या अनुभवावरून हे लिहीत आहे. शरीराच्या पेशींना रक्त आणि प्राणवायू कमी पडला की रक्तातले लॅक्टेट वाढते, म्हणून मूल किती गंभीर आहे याची ती एक खूण मानतात.

माझी पहिली चूक नमुना घेतानाच झाली. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, रडणाऱ्या मुलाच्या दंडाला घट्ट टूर्निकेट (रक्त अडवणारा पट्टा) बांधून मी रक्त घेतले, ते साध्या नळीत भरले आणि नळी प्रयोगशाळेत पोहोचायला पाऊण तास लागला. लॅक्टेट लिटरला ६ मिलिमोल आले, म्हणजे बरेच वाढलेले. मूल मात्र आजीच्या मांडीवर बसून बिस्किट मागत होते आणि त्याचे हातपाय गरम होते. नळीतल्या तांबड्या पेशी ग्लुकोज वापरून लॅक्टेट तयार करीतच राहतात आणि उकाड्याने तो वेग वाढतो, म्हणून ही प्रक्रिया रोखणाऱ्या फ्लोराइडची करड्या झाकणाची नळी वापरावी, किंवा नमुना बर्फात ठेवून पंधरा मिनिटांत ब्लड गॅस यंत्रावर (रक्तातील वायू आणि लॅक्टेट मोजणाऱ्या) लावावा. तशाच घेतलेल्या आधीच्या सगळ्या नोंदी मला प्रबंधातून काढून टाकाव्या लागल्या.

मुलांमधील सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणे) ओळखण्याच्या २०२४ च्या फिनिक्स निकषांत जितके गुण जास्त तितका आजार गंभीर; त्यात लॅक्टेट ५ ते ११ च्या आत असल्यास एक गुण आणि ११ किंवा अधिक असल्यास दोन गुण मिळतात. तरीही पहिल्या आकड्यापेक्षा, उपचार सुरू झाल्यानंतर सहा तासांनी तो किती उतरला, हे मला अधिक बोलके वाटते. रक्तदाब टिकवणारे अ‍ॅड्रेनालिन किंवा दम्यावरचे सालबुटामॉल चालू असताना रक्ताभिसरण सुधारूनही लॅक्टेट चढू शकते, त्यामुळे औषधाची वेळ नोंदवल्याशिवाय त्या उताराला अर्थ नाही.

नंदुरबार जिल्ह्याच्या आदिवासी भागातील धडगाव, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या मुलांनी मला दुसरा धडा दिला. आरडीडब्ल्यू (तांबड्या पेशींच्या आकारातील तफावतीचे माप) हा धोक्याचा स्वस्त मार्कर, सीबीसीत म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत आपसूक मिळणारा. पण सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आणि लोहाची कमतरता असलेल्या मुलात तो आजाराआधीच वाढलेला असतो. कुपोषित मुलाच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन आधीच खाली असू शकते, आणि स्नायूच थोडे असल्याने मूत्रपिंड बिघडले तरी क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारे आणि मूत्रपिंड बाहेर टाकते ते द्रव्य) फसवे सामान्य दिसते. म्हणून दंडाचा घेर, वजन आणि सिकलसेल तपासणी यांचे रकाने पहिल्याच दिवशी फॉर्ममध्ये छापून घ्यावेत. मूल घरी गेल्यावर ते भरता येत नाहीत.

“पोऱ्या कसा शे?” असे आजी दारातच विचारते, तेव्हा मी लॅक्टेटचा आकडा सांगत नाही. लघवी किती झाली, श्वास कसा चालला आहे आणि रक्त पुन्हा किती वाजता घेणार आहोत, एवढे सांगतो.