कर्नाळा कसे पाहावे: आधी पक्षी, मग किल्ला, परतताना शिरढोण

कर्नाळा अभयारण्य जेमतेम 12 चौरस किलोमीटरचे, पनवेलहून अर्ध्या तासावर. तरीही तिथून पक्षी न दिसल्याची तक्रार घेऊन परतणारे पुष्कळ. बहुतेकदा चूक वेळेची असते.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडा. पनवेलहून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी घेऊन फाटक उघडायच्या वेळेला पोहोचा. माणशी दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ, चांगली पकड असलेले बूट आणि मळकट हिरवे किंवा खाकी कपडे हवेत. अत्तर लावू नका. कारण पुढे येईलच. प्लास्टिक जितके कमी तितकी फाटकावरची तपासणी सोपी.

मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे रस्त्यालगत गाड्यांच्या आवाजात पक्ष्यांची साद विरून जाते. म्हणून फाटकापाशी रेंगाळू नका, थेट हरियाल किंवा मोरटाका या निसर्गवाटेने आत शिरा. वीस पावले चालायचे, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे. आधी ऐका, मग दुर्बीण उचला. तांबटाची ठोक-ठोक, हळद्याची शीळ, भृंगराजाच्या नकला ऐकू येतात. साडेनऊनंतर ही गजबज ओसरते.

तेव्हा किल्ल्याकडे वळा. चढ सुमारे दीड तासाचा. खालचा भाग सावलीतला. वरच्या टप्प्यात उन्हात, सुट्या मुरमावरून चालावे लागते. घसरण्याचा धोका चढताना कमी, उतरताना जास्त: पाऊल आडवे टाका, दोघांत अंतर ठेवा. वाटेत कर्णाई देवीचे देऊळ लागते. माथ्यावर बेसाल्टचा उभा सुळका, लोकांच्या तोंडी ‘अंगठा’, आणि त्याच्या पोटात कोरलेली पाण्याची टाकी व कोठारे.

सुळक्यावर आग्या मोहोळाची मोठी पोळी असतात. धूर, उग्र वास, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. इथे बोलणे हळू, विडी-सिगारेट अजिबात नाही. उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-मान कापडाने झाकून झाडीत उतरा आणि काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा. सुळका चढणे हे दोर-साहित्य असलेल्या प्रस्तरारोहकांचे काम.

इथून पनवेल खाडीचा आणि आपट्याकडच्या पाताळगंगेचा मुलूख नजरेत येतो. बोरघाटाकडे जाणाऱ्या मालावर पहारा ठेवायला यासारखी जागा नाही, म्हणूनच किल्ल्यासाठी इतकी ओढाताण झाली. 1665च्या पुरंदर तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत हा होता. 1670मध्ये तो परत घेतला. 1818मध्ये इंग्रजांनी जिंकला, तेव्हा किल्लेदार होते अनंतराव फडके.

त्यांचा नातू म्हणजे वासुदेव बळवंत फडके, जन्म 1845, गाव शिरढोण. पनवेलच्या परतीच्या वाटेवरच हे गाव आहे. तिथला फडक्यांचा वाडा जाताना नव्हे, येताना पाहा. आजोबांनी गमावलेला किल्ला तेव्हा डोळ्यांत ताजा असतो, आणि नातवाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र का उचलले हे वाड्याच्या ओसरीवर उभे राहून अधिक कळते.