किरणोत्सारी खोकं ताब्यात घेताना या चुका टाळा

किरणोत्सार मोजणारा मीटर गप्प बसला की खूश होणं, ही माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात असताना भर पावसात सकाळी आयोडीन-१३१ या किरणोत्सारी औषधाचं खोकं आलं. नव्या पोराने मीटर फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, एकदम क्लीन, झिरो!" खोक्यावर पिवळं लेबल, दोन लाल पट्टे, टीआय (ट्रान्सपोर्ट इंडेक्स) ०.६. म्हणजे एक मीटरवर ताशी ६ मायक्रोसिव्हर्टच्या (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) आसपास आकडा यायला हवा. अरे, थोडा नैसर्गिक किरणोत्सार सगळीकडे असतोच, शून्य तर पामबीच रोडवर उभं राहूनही येत नाही! सेल उतरले होते. नवे घातल्यावर मीटर कडकडायला लागला. तोवर लिफ्ट बंद म्हणून पठ्ठ्या तेच खोकं छातीशी धरून जिना चढला होता, आणि अंगाला किती किरणोत्सार लागला ते मोजणारा टीएलडी बॅज खुंटीवरच्या एप्रनला. ट्रॉली रॅम्पपाशी होती, पण आणणार कोण?

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: बॅटरीचं बटण, मग हॉट लॅबपासून (किरणोत्सारी औषधं ठेवायची खोली) लांब बॅकग्राउंड (आसपासचा नेहमीचा आकडा), मग चेक सोर्स (मीटर तपासायचा छोटा किरणोत्सारी स्रोत), मग खोकं. एक मीटर अंदाजाने धरू नका. सत्तर सेंटिमीटरवर आकडा जवळजवळ दुप्पट येतो. मी फरशीवर टेपची खूणच करून ठेवली आहे.

खोकं ओलं किंवा चेपलेलं असेल तर उघडू नका, बाजूला ठेवून आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) बोलवा. स्वॅब (खोकं पुसून सांडलंय का ते तपासायचा बोळा) घेतलेल्या ग्लोव्हजनी पेन, फोन, दाराची कडी धरू नका. चलनावरची ॲक्टिव्हिटी (औषधातल्या किरणोत्साराचं प्रमाण) कोणत्या तारखेची, किती वाजताची, ते वाचा. स्कॅनसाठीचं टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं.

दुसरा माझा जुना राग रिकाम्या खोक्यांवर. आतून-बाहेरून मोजायचं, लेबल खरवडून काढायचं, मगच रद्दीत. आमच्याकडचं एक लेबलासकट तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे पोचलं. त्याने घाबरून फोन केला म्हणून कळलं. मला खरी भीती न घाबरणाऱ्याची वाटते. अशी दहा रिकामी खोकी पाहिली की किरणोत्साराच्या त्या तीन पाकळ्यांच्या चिन्हाची भीड चेपते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० भंगारात गेलं, तेव्हा एक माणूस जिवानिशी गेला.

आणि खोकं मिळाल्याची सही सगळ्यात शेवटी. डिलिव्हरीवाले दादा घाई करतात, "मॅडम, अजून ठाण्याला जायचंय." त्यांना मी चहा देते आणि स्वॅब मोजायला बसते.