फरशी फोडण्याआधी मास्क नीट बसवा

जुनी फरशी काढताना मी नाकाला रुमाल बांधला होता. संध्याकाळी सोडला तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरट रेघा उमटलेल्या. धूळ कापडातून नव्हे, कडेच्या फटीतून सरळ आत जात होती. तेव्हापासून आधी मास्क, मग हातोडा.

टाइल, काँक्रीट, प्लास्टर कापलं की सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची, धूळ उडते. फुफ्फुसात खोल जाते ती इतकी बारीक असते की दिसतच नाही, आणि तिच्यामुळे होणारा फुफ्फुसांचा आजार, सिलिकोसिस, एकदा झाला की बरा होत नाही. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत कडांपर्यंत या. एका हाताच्या चिमटीत दाबली तर मधोमध घडी पडते आणि शेजारी फट राहते. मग मास्कवर दोन्ही तळहात ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढीचे खुंट असतील तर तो नीट बसणारच नाही. माझ्या नवऱ्याने कुरकुर केली, पण फरशीच्या दिवशी सकाळी दाढी केली. थिनरची वाफ मात्र हा मास्क अडवत नाही. त्याला कार्बनचं कार्ट्रिज असलेला वेगळा मास्क लागतो.

छताला ड्रिल मारताना साधा चष्मा पुरत नाही, वरून आणि बाजूने खडे येतात. चारी बाजूंनी बंद गॉगल घ्या. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर कानात प्लग हवेतच.

हातमोजे सगळीकडे चालत नाहीत, हे मला उशिरा कळलं. ड्रिलच्या फिरत्या टोकात मोजा अडकला की बोटंही ओढली जातात. तिथे हात मोकळे ठेवा. ओल्या सिमेंटला मात्र रबरी मोजे हवेतच. ते कातडी भाजतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही.

काम थांबलं तरी धूळ तासन्‌तास हवेत असते. कोरडा झाडू फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसा. मी समोरून बटणांचा शर्ट घालते, म्हणजे मास्क न काढता तो उतरवता येतो. मास्क सगळ्यात शेवटी, पट्ट्यांना धरून, दुसऱ्या खोलीत.