सुट्टीतली दुपार कशी काढायची, आणि तीही स्वस्तात

एप्रिल लागला की 'सुट्टीत मुलांसाठी पन्नास उपक्रम' अशा याद्या फिरायला लागतात. त्या लिहिणाऱ्यांच्या घरी मुलं नसावीत असा माझा पक्का संशय आहे. पन्नास उपक्रम पाच दिवसांत संपतात आणि सुट्टी चालते जूनच्या मध्यापर्यंत. घरची दोन आणि दर मे महिन्यात सोलापूरहून येणारा भाचा, अशा तिघांबरोबर सात उन्हाळे काढले. त्यातून हाताशी राहिलं ते असं.

१. सकाळ

सहाला उठवा, टेकडीवर न्या, आठाच्या आत घरी. आम्ही पुण्याचे, म्हणून हनुमान टेकडी, तळजाई, जी जवळ असेल ती. पर्वतीच्या १०३ पायऱ्या धाकट्यांना मोजत चढवा.

२. आठवड्यातून एकदा बाहेर

पीएमपीच्या बसनेच जा, निम्मी मजा खिडकीत असते. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. हे मला बंद फाटकासमोर तीन मुलं घेऊन उभी असताना कळलं. केळकर संग्रहालयात 'सगळं नीट बघा' म्हणू नका, कोणी बघत नाही. एकच काम द्या: तिथले अडकित्ते शोधायचे आणि त्यातला सगळ्यात विचित्र घरी येऊन आठवणीने काढायचा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणंही चांगलं. आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं, बाहेर रखरखाट असला तरी आत गार.

३. दुपार

खरं दुखणं हे. बारा ते साडेचार. बाहेर सोडता येत नाही, झोपायला कोणी तयार नाही.

पहिल्या वर्षी मी फ्रिजवर अर्ध्या अर्ध्या तासाचं वेळापत्रक लावलं आणि साडेसहाशे रुपयांचं क्राफ्ट किट आणलं. सव्वाबाराला उघडलं, पावणेएकला संपलं, आणि मुलगी समोर हजर: "आता काय?" त्या दुपारी हा प्रश्न मी नऊ वेळा ऐकला. मी वाढपी झाले होते. पान रिकामं झालं की हाक.

तेव्हापासून माझा नियम एकच: दुपारी लवकर संपणारी गोष्ट द्यायचीच नाही.

फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानात मोठा खोका मागा, बहुतेक वेळा फुकट मिळतो. हॉलच्या मधोमध ठेवा. शेजारी रद्दी, मैद्याची खळ, स्केचपेनं. सुरी तुमच्या हातात, कुठे कापायचं ते मुलं सांगतील. आणि मग तिथून निघा. इथेच सगळे आईबाप कच खातात. पहिला अर्धा तास मुलं फरशीवर लोळतील, एकमेकांना ढोसतील, 'कंटाळा आला' म्हणून भोकाड पसरतील. 'चला, आपण घर करू या का?' असं एकदा जरी म्हणालात, तरी पुन्हा वाढपी झालात. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसते आणि 'हं' एवढंच म्हणते.

आमचा खोका दोन दिवस नुसता पडून होता. तिसऱ्या दिवशी भाच्याने खिडकी कापून मागितली आणि वर लिहिलं 'स्वारगेट'. धाकटा कंडक्टर. रद्दीच्या तिकिटांचा गठ्ठा काखोटीला मारून त्याने सुट्टे नाहीत म्हणून सख्ख्या आजीला खाली उतरवलं. ती बस अकरा दिवस चालली.

संध्याकाळी आवरायला लावू नका. त्याच्या आदल्या वर्षी चादरींची एक गुहा मी पाहुणे येणार म्हणून रात्री घडी घालून ठेवली. ती परत उभी राहिली नाही. पाहुण्यांना गुहेला वळसा घालून बसू दे.

दुसरी गोष्ट काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. ही युक्ती अरविंद गुप्तांची. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी जे विज्ञान केंद्र आहे, तिथे त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली, आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. काड्यांची पेटणारी टोकं तुम्ही खरडून टाका. हे काम मुलांना देऊ नका. नळीचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच एका अंगाला कलंडतो. असं का, ते सांगायची घाई नको. माझी लेक चौकोन सावरायला कोपऱ्यातून कोपऱ्यात काडी घालायला गेली आणि काडी पुरेना. दुसरी घेतली, तीही पुरेना. 'आई, सगळ्या काड्या आखूडच आहेत!' शेवटी देव्हाऱ्यातल्या उदबत्तीची काडी तोडून आणली. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो हे तिच्या पुस्तकात पुढे तीन वर्षांनी आलं.

मोबाईल मी बंद करत नाही, पण तो दिवेलागणीनंतर अर्धा तास. दुपारी एकदा हातात गेला की खोका खोकाच राहतो.

४. संध्याकाळ

साडेचारला पन्हं. कैऱ्या तुम्ही उकडा, गर मुलांना काढू दे, ओटा चिकट होणारच. पाचला खाली पिटाळा आणि जेवणाची हाक होईपर्यंत वर घेऊ नका.